आमच्याविषयी हे कोणी लिहिले? भारतातील मानवशास्त्राची ओळख



गेल्या वर्षी जून महिन्यात आमच्या कामाच्या पट्ट्यातील एका ठाकरवाडीची मुलगी आणि तिचे वडील यांच्याबरोबर मी जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी गेले होते. मुलगी बारावी पास झालेली, नर्सिंगला नंबर लागलेला. दाखला होता, पण त्याची वैधता हाती आल्याशिवाय प्रवेश पक्का होणार नव्हता. समोरच्या साहेबांनी तिला एकामागून एक प्रश्न विचारले. तुमचा देव कोणता? लग्न कोण लावते? माणूस गेला तर पुरता की जाळता? तुमचा नाच कोणता, त्याला वाद्य कोणते?

मुलगी पहिलीपासून आश्रमशाळेत राहिलेली. दिवाळीची सुट्टी तेवढी वाडीवर, आणि मे महिन्यात आईबापांबरोबर वीटभट्टीवर. दोन उत्तरे तिने दिली, बाकीच्या प्रश्नांना ती खाली मान घालून उभी राहिली. साहेबांपुढे काही झेरॉक्स पाने होती. ती पाहून ते कागदावर खुणा करत होते.

बाहेर चहाच्या टपरीवर आल्यावर तिने मला विचारले, "ताई, त्या कागदात आमच्याविषयी जे आहे ते कोणी लिहिले?"

मला नीट उत्तर देता आले नाही. ईशज्ञानाच्या पदविकेला असताना आम्हाला मानवशास्त्राचा एक छोटा पेपर होता, पण त्यात शिकलेली नावे सगळी इंग्लंड-अमेरिकेची. आपल्या देशात हे शास्त्र कसे आले, कोणी वाढवले, त्याचा आपल्या वाड्यापाड्यांशी काय संबंध, हे कोणी शिकवले नाही. त्या मुलीच्या प्रश्नामुळे मी गेले वर्षभर वाचत राहिले. जे समजले ते आपल्यापुढे ठेवते.

मानवशास्त्र म्हणजे काय?

माणसाचे शरीर, भाषा, नातीगोती, चालीरीती, देवधर्म, पोट भरण्याची रीत या सगळ्याचा एकत्र अभ्यास म्हणजे मानवशास्त्र. मराठीत 'मानववंशशास्त्र' असाही शब्द रुळला आहे. इतिहास लिहिणारा जुने कागद पाहतो. मानवशास्त्रज्ञ लोकांमध्ये जाऊन राहतो, पाहतो, विचारतो आणि लिहून ठेवतो. म्हणूनच लिहिणारा कोण आणि कोणासाठी लिहितो, याला या शास्त्रात फार महत्त्व आहे.

नाके मोजणारे साहेब

आपल्याकडे ही सुरुवात राज्यकर्त्यांच्या गरजेतून झाली. सारा वसूल करायचा, जंगल ताब्यात घ्यायचे, बंड होऊ द्यायचे नाही, तर आधी प्रजा कोण आहे हे कळले पाहिजे. जनगणना, गॅझेटियर आणि जाती-जमातींचे जाडजूड ग्रंथ यातून निघाले. १८८६ मध्ये मुंबईत मानवशास्त्राची एक संस्थाही निघाली, 'अँथ्रोपॉलॉजिकल सोसायटी ऑफ बॉम्बे'. मुंबई इलाख्यातील जाती-जमातींवर एन्थोव्हेन या अधिकाऱ्याने १९२० ते १९२२ या काळात तीन खंड काढले.

बंगालमध्ये हर्बर्ट रिस्ले नावाचे अधिकारी होते. १९०१ च्या जनगणनेचे तेच प्रमुख होते. त्यांनी हजारो लोकांची नाके मोजली. नाकाची रुंदी आणि लांबी यांचे गुणोत्तर काढायचे आणि त्यावरून माणसाचा वंश ठरवायचा, अशी ती पद्धत. नाक जितके पसरट तितकी जात खालची, असा नियम त्यांनी मांडला.

असल्या वर्गवारीने माणसांचे आयुष्य बांधले जाते. १८७१ च्या कायद्याने सरकारने काही जमातींना जन्मतःच 'गुन्हेगार' ठरवले. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारध्याच्या पोटी मूल जन्मले की ते संशयित! हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर येतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. कागद रद्द झाला तरी लिहिलेले पुसले जात नाही.

रांचीचा वकील

याच काळात रांचीला एक वेगळा माणूस काम करत होता. शरच्चंद्र राय हे बंगाली गृहस्थ तेथील मिशनच्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि पुढे कोर्टात वकिली करू लागले. मुंडा आणि उरांव लोकांचे जमिनीचे खटले त्यांच्याकडे येत. कोर्टाचा कायदा वेगळा आणि आदिवासींचा रिवाज वेगळा. जंगल तोडून ज्यांच्या पूर्वजांनी पहिली जमीन केली त्यांच्या कुळाचा तिच्यावर सामाईक हक्क, ही मुंडांची खुंटकट्टी पद्धत. न्यायाधीशाला ती माहीत नाही आणि मुंडाला ती इंग्रजीत सांगता येत नाही, त्यामुळे जमीन जमीनदाराकडे जायची.

राय यांच्या लक्षात आले की रिवाज समजल्याशिवाय न्याय मिळणार नाही. ते गावोगाव फिरले, भाषा शिकले आणि १९१२ मध्ये मुंडांवर मोठा ग्रंथ लिहिला, नंतर उरांवांवर. त्यांनी १९२१ मध्ये 'मॅन इन इंडिया' हे त्रैमासिक सुरू केले. मानवशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती, तरी भारतीय मानवशास्त्राचे जनक म्हणून आज त्यांचेच नाव घेतले जाते. अशिलाला न्याय मिळावा म्हणून त्यांनी हे शास्त्र हाती घेतले.

त्याच मुलखात योहान हॉफमन हे जर्मन धर्मगुरू मुंडांमध्ये राहत होते. बिरसा मुंडांचा उलगुलान १८९९-१९०० मध्ये झाला. त्यानंतर सरकारला जमिनीचा कायदा बदलणे भाग पडले. १९०८ च्या छोटानागपूर कुळ कायद्यात मुंडांचे रिवाज नोंदवण्याच्या कामी हॉफमन यांच्या माहितीचा उपयोग झाला. आदिवासींची जमीन बाहेरच्याच्या हाती जाऊ नये म्हणून झारखंडमध्ये आजही लोक त्या कायद्याचा आधार घेतात. मुंडारी भाषा आणि जीवन यांचा अनेक खंडांचा कोशही हॉफमन यांच्याच नावावर आहे.

विद्यापीठात प्रवेश

१९२० मध्ये सर आशुतोष मुखर्जी यांनी कलकत्ता विद्यापीठात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू केला. तेथे शिकवायला बोलावले ते कोची संस्थानातील शिक्षक एल. के. अनंतकृष्ण अय्यर यांना. संस्थानने जाती-जमातींच्या पाहणीचे काम दिल्यावर, कामातूनच ते हे शास्त्र शिकले होते.

मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग निघाला. मालवणात जन्मलेले गो. स. घुर्ये केंब्रिजहून शिकून आले आणि १९२४ पासून तो विभाग सांभाळू लागले. रिस्ले यांचीच मापे त्यांनी पुन्हा तपासली आणि १९३२ च्या ग्रंथात दाखवून दिले की नाकाचा तो नियम उत्तरेच्या काही भागापलीकडे टिकत नाही. साहेबाचे आकडे घेऊन साहेबाची चूक काढली, असे आपल्या भाषेत म्हणता येईल.

घुर्ये यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे. 'युगान्त'मुळे त्या घरोघरी माहीत आहेत, पण त्यांचा पेशा मानवशास्त्राचा. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवण वेगळी आणि म्हणून तो बुद्धीने श्रेष्ठ, असे त्यांच्या मार्गदर्शकांचे मत होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा फरक आढळत नाही, असे त्याच मार्गदर्शकांपुढे प्रबंधात लिहिले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी देशभराच्या नातेसंबंधांचा अभ्यास केला. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची जाई निंबकर यांच्याबरोबर त्यांनी केलेली पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांचे पुढे काय झाले, हे त्या माणसांना भेटून विचारणे हासुद्धा या शास्त्राचाच भाग आहे, हे त्यांनी दाखवले.

आणखी एक नाव मी मुद्दाम घेते. मे १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानवशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या एका भारतीय विद्यार्थ्याने निबंध वाचला. जातीबाहेर लग्न होऊ न देणे हेच जातीचे मूळ आहे, वंश नव्हे, असे त्याने मांडले. तो विद्यार्थी म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर. ज्या समाजाविषयी इतर लोक ग्रंथ लिहीत होते, त्या समाजातील माणूस स्वतः उठून बोलला.

एल्विन आणि घुर्ये यांचा वाद

आपल्या कामाशी सर्वांत जवळचा भाग आता येतो. व्हेरिअर एल्विन हे तरुण इंग्रज धर्मगुरू १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. गांधीजींच्या प्रभावामुळे ते राज्यकर्त्यांपासून दूर झाले. संघातच भेटलेले मराठी ख्रिस्ती तरुण शामराव हिवाळे यांना बरोबर घेऊन १९३२ मध्ये ते मंडला भागात गोंडांमध्ये राहायला गेले. पुढे एल्विन यांनी धर्मगुरूपद सोडले. बैगांवरचा त्यांचा ग्रंथ १९३९ मध्ये आला. शामरावांनीही परधान जमातीवर १९४६ मध्ये ग्रंथ लिहिला. आपल्या मंडळीत एल्विन यांचे नाव काहींना माहीत असते, शामरावांचे क्वचितच. दवाखाना, शाळा आणि रोजचा व्यवहार यांचा मोठा भार मात्र त्यांनीच उचलला.

एल्विन यांचे म्हणणे असे: सावकार, दारूचा ठेकेदार आणि जंगल खाते यांनी आदिवासींचे जगणे मोडले आहे. बैगांची बेवर म्हणजे फिरती शेती बंद करून त्यांच्या हाती नांगर देणे हा जुलूम आहे. अशा जमातींना काही काळ बाहेरच्यांपासून जपले पाहिजे.

घुर्ये यांनी १९४३ मध्ये पुस्तक लिहून त्याला विरोध केला. आदिवासी हे वेगळे लोक नसून मागे पडलेले हिंदू आहेत, त्यांना वेगळे ठेवले तर ते आणखी मागे पडतील, असे त्यांनी मांडले. ठक्करबाप्पांसारख्या सेवकांचा कलही आदिवासींना इतर समाजात मिसळून घेण्याकडे होता.

दोघेही विद्वान, आणि दोघांच्याही म्हणण्यात आपल्याला पटेल असे काही सापडते. पण वाचताना मला राहून राहून वाटले, बैगांना कोणी विचारले? संविधान सभेत ते काम जयपालसिंग मुंडा यांनी केले. लोकशाही काय असते हे आदिवासींना कोणी शिकवायला नको, ती त्यांच्या गावपद्धतीत आधीपासून आहे, अशा अर्थाचे त्यांनी सर्वांपुढे सांगितले.

स्वराज्यानंतर

डिसेंबर १९४५ मध्ये भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण ही सरकारी संस्था बी. एस. गुहा यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाली. १९८५ पासून के. सुरेश सिंग यांच्या देखरेखीखाली तिने देशातील सगळ्या समाजांची पाहणी केली आणि ४,६३५ समाज नोंदवले. महाराष्ट्रात १९६२ मध्ये पुण्याला आदिवासी संशोधन संस्था निघाली. जुन्नरच्या आदिवासी भागातून आलेले डॉ. गोविंद गारे पुढे तिचे संचालक झाले आणि त्यांनी आदिवासींविषयी मराठीत विपुल लिहिले. झारखंडचे डॉ. रामदयाल मुंडा, उरांव समाजातील प्रा. व्हर्जिनियस खाखा यांसारखे अभ्यासक आपल्या लोकांविषयी स्वतः लिहू लागले. शास्त्र परदेशी साहेबाकडून भारतीय विद्वानाकडे आले आणि हळूहळू वाडीतल्या माणसाकडे येते आहे.

तरीही जुना धागा तुटलेला नाही. १९६५ मध्ये लोकूर समितीने अनुसूचित जमात ओळखण्याच्या पाच खुणा सांगितल्या: आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, दुर्गम भागातील वस्ती, इतर समाजाशी मिसळण्याचा संकोच आणि मागासलेपणा. पुढे खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा लाटण्याचे प्रकार वाढले. ते थांबवण्यासाठी १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची पद्धत घालून दिली. कागदपत्रांबरोबरच देव, रूढी, लग्न आणि अंत्यविधी यांची माहिती जुळते का, हेही पाहावे असे तीत आहे. हेतू चांगला होता, आणि बोगस दाखल्यांचा फटका आमच्याच मुलांना बसतो, हे मी नाकारत नाही. पण खरी ठाकर मुलगी आश्रमशाळेत वाढली म्हणून नापास होते आणि जुने पुस्तक पाठ करून आलेला लबाड पास होऊ शकतो. बारावी झाली, संकोच सोडून बोलू लागली, तर मुलगी आदिवासी कमी झाली का? २०२३ मध्ये महाराष्ट्रातील ठाकूर जमातीच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही चालीरीतींची परीक्षा अंतिम कसोटी मानता येणार नाही. कार्यकर्त्यांनी हे लक्षात ठेवावे आणि स्वातंत्र्याच्या आसपासची जुनी कागदपत्रे आधी शोधावीत.

आमच्या मुलीचे तसेच झाले. तिच्या आजोबांची जुन्या कोतवाल बुकातील नोंद सापडली, तीत 'ठाकूर' असे स्पष्ट होते. वैधता मिळाली, पण जानेवारीत. त्या वर्षाची जागा गेली होती.

आपला वाटा

मिशनच्या लोकांनी या शास्त्रात मोठी भर घातली आहे. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे संस्थापक डॉ. जॉन विल्सन यांनी १८४० च्या दशकातच उत्तर कोकणातील वारली आणि कातकरी यांच्याविषयी लिहिले होते. ऑस्ट्रियाहून आलेले फादर स्टीफन फुक्स यांनी मध्य भारतातील जमातींवर ग्रंथ लिहिले आणि मुंबईत संशोधन संस्था उभी केली. याचा अभिमान वाटतो. पण लोकांचा नाच, गाणे, पूजा यांना 'अज्ञान' अशा एका शब्दात उरकून टाकणारे अहवालही आपल्याच लोकांनी लिहिले, हे कबूल करायला हवे.

आणि मीही त्यातून सुटलेले नाही. बारा वर्षांपूर्वी मी आमच्या प्रकल्पाचा पाहणी फॉर्म तयार केला. त्यात एक रकाना होता: 'अंधश्रद्धा – आहे / नाही'. कातकरी वाडीत तो फॉर्म भरत असताना एका आजीने मला विचारले, "ताई, दरसाल लिवून नेता. आमी काय सांगितलं ते आमाला कदी वाचून दावलं का?" मी हसून वेळ मारून नेली. आता वाटते, रिस्ले यांच्या हातात मोजपट्टी होती आणि माझ्या हातात तो रकाना, यात फार अंतर नव्हते.

आता काय करावे?

या वाचनातून आमच्या कामासाठी मी तीन गोष्टी ठरवल्या आहेत. आपणही विचार करावा.

पहिली, जे लिहू ते वाडीच्या बैठकीत आधी वाचून दाखवायचे. लोकांनी चूक काढली तर दुरुस्त करायचे, आणि एक प्रत वाडीतच ठेवायची.

दुसरी, वाडीचे टिपण वाडीने लिहायचे. २००६ चा वनहक्क कायदा आणि त्याचे २००८ चे नियम यांत मानवशास्त्र सर्वेक्षणासारख्या संस्थांचे अभ्यास पुरावा म्हणून धरता येतात. त्याच नियमांत दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून धरले आहे. म्हणजे विद्वानाचा ग्रंथ आणि आजोबांचा शब्द एकाच यादीत आहेत. कोणती जागा कोणी कसली, कुठल्या झाडाखाली कोणता देव, पाणी कोठून आणत, हे सांगणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीला आली आहेत. ती आहेत तोवर लिहून घ्यावे.

तिसरी, मुलांना त्यांच्याच घरची माहिती परत द्यायची. आश्रमशाळेत गेले म्हणून आजीचे गाणे परके होऊ नये.

या मे महिन्यात ठाकरवाडीत आम्ही दोनशे पानी वहीपासून सुरुवात केली. लिहिण्याचे काम त्याच मुलीकडे आहे. नर्सिंगसाठी ती यंदा पुन्हा अर्ज करणार आहे, तोवर संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांजवळ बसते आणि त्यांच्या बोलीत जसे सांगतात तसे उतरवून घेते. पहिल्या चाळीस पानांचे वाचन मागच्या रविवारी वाडीच्या समाजमंदिरात झाले. लग्नातील एका विधीचा क्रम चुकला म्हणून तीन आजीबाई तिच्यावर एकदम ओरडल्या. तिने ते पान खोडले आणि त्यांच्यापुढेच पुन्हा लिहिले.

वही वाडीतच राहणार आहे. आपल्या भागात असे काही करायचे असेल तर जरूर कळवा. आमच्या चुकांसकट सगळे सांगू.